ओसरीवरून : खिडकी कोणीं हलविली?

चातुर्मासांत कोणते नेम धरावे आणि आजच्या धांवपळींत ते कितपत निभतात, याविषयीं या खेपेस लिहावें असें मीं योजिलें होतें. टिपणेंही काढून ठेविलीं होतीं. परंतु आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशीं आमच्या घरांत एक प्रसंग घडला आणि तीं टिपणें तशींच बाजूस राहिलीं. प्रसंग तसा लहान. वर्तमानपत्रांत छापून येण्याजोगा नव्हे. तथापि ज्या घरांत वडील माणसें आणि फोन एकत्र नांदतात, त्या प्रत्येक घरांत तो आज ना उद्यां घडेल. किंबहुना घडूनही गेला असेल आणि कोणाच्या लक्षांत आला नसेल. म्हणून तो वाचकांच्या कानांवर घालणें मला अवश्य वाटतें.

पलूसच्या आमच्या घरांत माणसें नऊ आहेत आणि फोन सात. या सातांतला एक आमच्या काकूंचा. काकूंचें वय चौऱ्याहत्तर. काका शिक्षक होते. त्यांच्या मागें मिळणारें निवृत्तिवेतन काकूंच्या खात्यांत जमा होतें आणि त्या पैशाचा हिशेब काकू स्वतः ठेवितात. फोन वापरावयास त्या तीन वर्षांपूर्वीं शिकल्या. शिकण्याची त्यांची रीत जुन्या शाळेंतली. एका वहींत त्यांनीं पायऱ्या लिहून काढल्या आहेत : "निळें गोल चित्र दाबणें. वर पांढरी पट्टी येते. तीवर बोट. मग माइकचें चित्र. मग स्पष्ट बोलणें." या पांच वाक्यांच्या जोरावर त्या सकाळीं पूजा आटोपून झोपाळ्यावर बसत आणि सांगलीच्या बातम्या, पंढरीच्या वाटेवर पालख्या कोठें पोंचल्या, धरणांत पाणी किती चढलें, हें सर्व पाहून घेत. कृष्णाकांठच्या माणसाला पावसाळ्यांत कोयनेची चौकशी केल्यावांचून चैन पडत नाहीं, हें इकडच्या वाचकांस सांगावयास नको. आमच्या घरीं ती बातमी जेवणाच्या पानावर काकूंकडून कळे.

त्या दशमीच्या सकाळीं काकू फोन घेऊन ओसरीवर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, माझी खिडकी कोणी हलवली?"

झालें होतें तें असें. रात्रीं फोननें आपण होऊन ब्राउझरची नवी आवृत्ति उतरवून घेतली होती. निळें चित्र आतां निळें राहिलें नव्हतें. वरची पांढरी पट्टी तळाशीं गेली होती. माइकचें चित्र तीन टिंबांच्या आड दडलें होतें. वहींतल्या पांच वाक्यांपैकीं चार एका रात्रींत खोटीं ठरलीं. आम्ही सगळे हंसलों. आमचे चिरंजीव सांगलीस इंजिनिअरिंग शिकतात. त्यांनीं आजीच्या हातांतून फोन घेतला, दोन-चार क्षण बोटें फिरविलीं आणि "हं, झालं" म्हणून परत दिला. काकूंनीं एकदां फोनकडे पाहिलें, एकदां वहीकडे पाहिलें, "बरं" म्हटलें आणि त्या आंत गेल्या. त्या "बरं"चा अर्थ त्या वेळीं आमच्यापैकीं कोणालाच कळला नाहीं.

दुपारीं घरांत निजानीज झाल्यावर काकूंच्या फोनवर लाल त्रिकोण उमटला. त्याखालीं मजकूर होता कीं, तुमच्या फोनमध्यें व्हायरस शिरला आहे. खालील क्रमांकावर ताबडतोब फोन करा. काकूंनीं मनाशीं मेळ घातला. सकाळीं खिडकी हलली ती या व्हायरसनेंच हलविली असली पाहिजे! तर्क चुकीचा होता, पण अडाणी नव्हता. ज्याला कोणी कारण सांगितलेलें नाहीं, तो माणूस हातीं येईल त्या कारणाला धरणारच. काकूंनीं त्या क्रमांकावर फोन केला. पलीकडचा गृहस्थ मोठा विनयशील. "माताजी, माताजी" असें म्हणत तो हिंदींत म्हणाला कीं, सर्व पहिल्यासारखें करून देतों, फक्त आतां एक संदेश येईल त्यांतला सहा आंकडी क्रमांक मला वाचून दाखवा. संदेश आला. काकू म्हणाल्या, "थांबा, चष्मा देवघरांत राहिला आहे."

देवघराची वाट आमच्या घरांत स्वयंपाकघरांतून जाते. तेथें माझी भावजय उद्यांच्या उपासाकरितां वरी निवडीत बसली होती. तिनें सहज विचारलें, "कोणाचा फोन, काकू?" काकू म्हणाल्या, "दुरुस्तीवाल्याचा. आंकडा विचारतो आहे." भावजयीनें सूप खालीं ठेवून आधीं तो फोन बंद केला आणि मग सगळ्यांना उठविलें. काकूंच्या खात्यांतली एक पैही गेली नाहीं. परंतु ती वांचली चष्म्यामुळें, आमच्या शहाणपणामुळें नव्हे.

संध्याकाळीं काकू वाती वळीत बसल्या असतां मीं जरा कडक स्वरांतच विचारलें, "काकू, घरांत एवढीं माणसें असतांना तुम्ही परक्याला कां विचारलंत?"

वात वळण्याचें न थांबवितां त्या म्हणाल्या, "तुम्हांला विचारलं कीं तुम्ही फोन काढून घेतां. काम होतं, पण मला कांहीं येत नाहीं. त्या मेल्यानं निदान फोन माझ्या हातांत तरी राहूं दिला."

यावर आमच्यापैकीं कोणाजवळही उत्तर नव्हतें.

या प्रकरणांत तीन पक्ष आहेत : यंत्र करणारा, तें वापरणारा आणि वापरणाराच्या घरचीं माणसें. सर्व दोष आपण नेहमीं मधल्याच्या पदरांत बांधतों. तो कितपत न्याय्य आहे हें पाहूं.

काकूंची खिडकी म्हणजे ज्याला ब्राउझर म्हणतात तो. इंटरनेट हा रस्ता धरला, तर त्या रस्त्यावरचें जग ज्या चौकटींतून दिसतें ती चौकट ब्राउझर. पहिली अशी चौकट टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० सालीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत तयार केली. मजकुराबरोबर चित्रेंही एकाच पानावर दाखविणारा मोझेक हा ब्राउझर १९९३ सालीं आला आणि सामान्य माणूस या खिडकीशीं येऊन उभा राहिला. आपल्या देशांत विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वांस खुलें केलें. त्याच महिन्यांत मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर निघाला. पुढें आपल्याकडील कित्येक कचेऱ्यांचीं कामें त्याच एका खिडकींतून चालत. जवळ जवळ सत्तावीस वर्षांनीं, १५ जून २०२२ रोजीं, ती खिडकीही कायमची मिटली. फायरफॉक्स २००४ सालीं आला, क्रोम २००८ सालीं. एका पिढीच्या आंत इतक्या खिडक्या बदलल्या. त्या प्रत्येक वेळीं कोणीतरी काकू वही घेऊन बसलेली होतीच.

मग हे लोक खिडक्या वारंवार कां बदलतात? येथें करणाराची बाजूही मांडली पाहिजे. मृग निघण्यापूर्वीं आपण घर शाकारून घेतों. कौलें जुनीं झालीं म्हणून नव्हे, तर वारा-वानरांनीं तीं कोठें सरकलीं असतील हें पाहण्याकरितां. ब्राउझरलाही अशीं गळतीचीं ठिकाणें असतात. चोरांना तीं सांपडण्यापूर्वीं बुजवावीं लागतात, आणि हें काम वर्षांतून एकदां करून भागत नाहीं. क्रोमनें २०२१ पासून दर चार आठवड्यांनीं नवी आवृत्ति काढण्याचा क्रम धरला तो अंशतः याच कारणानें. ही दुरुस्ती नको म्हणणें म्हणजे गळक्या छपराखालीं दागिन्यांची पेटी ठेवणें होय. ज्यांनीं नव्या आवृत्तीचा कंटाळा येऊन ती घेणेंच बंद केलें आहे, त्यांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

परंतु शाकारणाऱ्या गड्यानें खालीं उतरतां उतरतां फडताळांतले डबेही इकडचे तिकडे करून ठेवावे आणि "नवी व्यवस्था अधिक सोयीची आहे" असें म्हणून निघून जावें, याला आपण काय म्हणूं? छप्पर शाकारणें निराळें आणि डबे हलविणें निराळें. आजचे करणारे हीं दोन्ही कामें एकाच गांठोड्यांत बांधून पाठवितात आणि सुरक्षिततेसाठीं गांठोडें सोडावयास जावें तों सवयीची मोडतोड पदरांत पडते. डोळे मिटून मिठाचा डबा काढणाऱ्या गृहिणीला डबे हलविण्याचा त्रास काय असतो, हें ज्यानें स्वयंपाकघर पाहिलें आहे त्यास समजेल. तो त्रास म्हातारपणाचा नव्हे. चांगल्या सवयीचा आहे. आणि तो केवळ आमच्या काकूंनाच होतो असेंही नाहीं. मायक्रोसॉफ्टनें २०१२ सालीं विंडोज ८ मधून कोपऱ्यांतलें स्टार्ट हें बटण काढून टाकलें, तेव्हां जगभर ओरड झाली आणि पुढच्याच वर्षीं तें बटण जागेवर आणावें लागलें. २०२१ सालीं अॅपलनें आयफोनवरील सफारीची पत्त्याची पट्टी वरून खालीं आणली. तेव्हांही तक्रारी झाल्या, आणि पट्टी वर कीं खालीं हें ठरविण्याची मोकळीक वापरणाराला मिळाली. तात्पर्य, मोठमोठे कारागीरही चुकतात, आणि बोलून दाखविलें तर सुधारतात. गप्प बसून स्वतःला मूर्ख ठरविणारासाठीं मात्र कोणी कांहीं सुधारीत नाहीं.

करणाराचे नियमच चुकलेले असल्याचें दुसरें उदाहरण पासवर्डचें. काकूंचा पासवर्ड दर तीन महिन्यांनीं बदलावा लागे. त्यांत एक मोठें अक्षर, एक आंकडा, एक विचित्र चिन्ह. परिणामीं तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पाठीमागें दुधाच्या हिशेबाशेजारीं लिहिलेला असे आणि दूधवाल्यापासून सर्वांना ठाऊक असे. आम्ही काकूंना बोल लावीत होतों. पण हा चिन्हांचा आणि वारंवार बदलण्याचा उपदेश ज्या अमेरिकन सरकारी मार्गदर्शिकेंतून २००३ सालीं जगभर पसरला, ती लिहिणारे बिल बर यांनीं स्वतःच २०१७ सालीं त्याविषयीं पश्चात्ताप व्यक्त केला; आणि त्याच वर्षींच्या नव्या मार्गदर्शिकेनें कारणावांचून पासवर्ड बदलवूं नये असें सांगितलें. चार-पांच साध्या, पण एकमेकांशीं संबंध नसलेल्या शब्दांची मालिका स्मरणांतही राहते आणि चोरालाही सहजासहजीं सांपडत नाहीं.

आतां तो लाल त्रिकोण आला कोठून? त्याचें मूळ काकूंच्या सौजन्यांत निघालें. एखादें पान उघडलें कीं तें विचारतें, "तुम्हांला सूचना पाठवूं कां?" काकू प्रत्येकाला "हो" म्हणत. का, म्हणून विचारलें तर म्हणाल्या, "एवढं विचारतो बिचारा, दारीं आलेल्याला नाहीं कसं म्हणायचं?" अशा एकोणीस बिचाऱ्यांना त्यांनीं परवानगी दिली होती. त्यांतलाच एक, फोनची स्वतःची सूचना असल्याचें सोंग घेऊन, तो त्रिकोण पाठवीत होता. व्हायरस वगैरे कांहीं नव्हतें; होता तो केवळ दारावर ठोठावण्याचा परवाना, आणि तो घरच्यांनींच दिलेला. ही विचारणा लोकांना इतकी नकोशी झाली कीं २०२० च्या आरंभीं फायरफॉक्स आणि क्रोम या दोघांनींही ती दबक्या आवाजांत करावयास लावण्याची तजवीज केली. तरीही पूर्वीं दिलेले सर्वच परवाने आपोआप रद्द होतील असें नाहीं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्यें नोटिफिकेशन या नांवाखालीं त्यांची यादी असते. ती वाचकांनीं आजच पाहावी. आम्हीं काकूंच्या हातूनच एकोणीसपैकीं अठरा नांवें काढविलीं. एक पंचांगाचें त्यांनीं ठेवून घेतलें.

हें सर्व जुळवीत असतां मला आमच्या शेजारची एक गोष्ट आठवली. पलूसजवळच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानच्या माळरानावर ती वसविली, हें बहुतेकांस माहीत असतें. त्यापूर्वीं बेळगांवीं त्यांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां तो कोणी घेईना. लोखंडानें जमिनीला विष चढेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें लागलीं म्हणतात. शेतकरी अडाणी आहेत असें म्हणून हात झटकणें त्यांना सोपें होतें. तसें न करितां ते थांबले आणि नांगर लोकांच्या विश्वासाला उतरूं दिला. त्याच्याही आधीं सायकलींचा व्यवहार होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगांवीं त्यांचे बंधु रामूअण्णा त्या विकीत. आणि नुसत्या विकीत नसत, घेणाराला चालवावयासही शिकवीत. विकणारानेंच शिकवावें, हा त्या काळचा व्यवहार होता. आज यंत्र दारांत येऊन पडतें, रात्रींतून आपलें रूप पालटतें आणि शिकविणारा कोणीच नसतो. ती जागा रिकामी आहे, आणि जागा रिकामी दिसली कीं तेथें "माताजी" म्हणणारा येऊन बसतो.

ती जागा घरानें भरली पाहिजे. येथें मी स्वतःसकट सर्व तरुण आणि प्रौढ मंडळींस दोषी धरतों. सायकल शिकवितांना आपण काय करितों? मागची बैठक धरून बरोबर धांवतों. शिकणाराला खालीं उतरवून, स्वतः एक फेरी मारून, "हं, झालं" म्हणत नाहीं! फोनच्या बाबतींत मात्र आपण नेमकें तेंच करितों. त्यांत आपले दोन मिनिट वांचतात, पण वडील माणसाला दर खेपेस थोडें थोडें कळतें कीं, हें आपल्याच्यानें होणार नाहीं. ज्या बाईनें तीस वर्षें एका शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारांत घर चालविलें, तिला स्वतःच्या खात्यांत किती रुपये आहेत हें पाहण्यासाठीं एकोणीस वर्षांच्या मुलाची मर्जी सांभाळावी लागावी, ही गोष्ट लहान नाहीं. काकू त्या दुपारीं फसत होत्या त्या लोभानें नव्हे, भीतीनेंही नव्हे. कोणाला त्रास न देतां आपलें आपण करावें, या स्वाभिमानानें फसत होत्या.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टी थोडक्यांत सांगून टाकतों. संदेशांतून येणारा ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली. ती कोणतीही बँक फोन करून मागत नाहीं. पडद्यावर दिसलेल्या क्रमांकावर केव्हांही फोन करूं नये. पासबुकावर छापलेला असेल त्यावर करावा. "आपला पडदा मला दाखवा" असें म्हणून कोणी एखादें अॅप घ्यावयास सांगितलें, तर तेथेंच संभाषण संपवावें. आणि इतकें करूनही पैसे गेलेच, तर लाजत न बसतां त्याच घटकेस १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें. जितकें लवकर कळवाल तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक. या चारही गोष्टी काकूंनीं वहींत उतरवून घेतल्या आहेत.

राहतां राहिला चातुर्मासाचा नेम. आमच्या घरांत या वर्षीं कोणी कांदा-लसूण सोडली आहे, कोणी एकभुक्त आहे. परंतु एकादशीच्या रात्रीं फराळ झाल्यावर सर्वांनीं मिळून आणखी एक नेम धरला : कार्तिकी एकादशीपर्यंत वडील माणसाच्या हातांतला फोन कोणीं काढून घ्यावयाचा नाहीं. शिकविणारानें आपले हात पाठीमागें बांधावे आणि तोंडानें सांगावें. एकदां सांगून कळलें नाहीं तर सातदां सांगावें. नेम सोपा दिसतो. चिरंजीवांस पहिल्या दिवशीं तो एकभुक्तापेक्षां जड गेला. दोनदां हात पुढें आले आणि दोनदां त्यांनीं ते मागें घेतले. मला स्वतःला तिसऱ्या दिवशीं माझा स्वर आवरावा लागला.

काल सकाळीं काकू झोपाळ्यावर होत्या. वहींतलीं जुनीं वाक्यें खोडून त्यांनीं नवीं लिहिलीं आहेत. यावेळीं शाईनें नव्हे, शिसपेन्सिलीनें. मीं कारण विचारलें.

"पुन्हां हलवतील ना!" काकू म्हणाल्या, आणि कोयनेचें पाणी पाहूं लागल्या.